मुळ्या वेचलेला चिखल

दुपारी अडीचच्या सुमाराला, पौष पौर्णिमेच्या उधाणाचं पाणी उतरत असताना, शेवरखारच्या नव्या बांधाचा चाचणीचा तुकडा खचला. आवाज झाला नाही. बांधावर राखणीला असलेल्या केरूने पुढे प्रत्येकाला तेच सांगितलं. धडाड नाही, धप्प नाही, पोटभर जेवलेला माणूस भिंतीला टेकून जसा हळूहळू खाली घसरतो, तसा बांध खाडीच्या अंगाला घसरला आणि बसला. कोणाला इजा झाली नाही. पाण्याचं एक पिंप आणि केरूची छत्री तेवढी चिखलात गेली.

केरूने बायकोला फोन लावला. सरू तेव्हा पेणला, रामवाडीतल्या प्रयोगशाळेच्या शेडमध्ये चिखलाचे नमुने ओल्या गोणपाटात गुंडाळत होती.

"सरे, बसला गो."

"कोण बसला?"

"बांध."

सरूने फोन कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडून वारा तेवढा ऐकू येत होता. खाडीवरून येऊन मोकळ्या खाजणावर फिरणारा तो वारा तिच्या ओळखीचा होता. त्या वाऱ्यात तिचं लग्न लागलं होतं आणि अंतरपाट धरायला दोघांऐवजी चौघं लागले होते.

"तू कुठं उभा हायस?" तिने विचारलं.

"उघाडीवर."

"मग तिथंच ऱ्हा. खाली उतरू नको."

शेवरखार हे पेण तालुक्यातलं खाडीकाठचं गाव. ते आज नकाशात आहे, पण तिथे कोणी राहत नाही. खाडी आणि भातखाचरं यांच्यामध्ये मातीचा खारबांध होता, तो सांभाळणं हाच गावाचा मुख्य उद्योग. भरतीचं पाणी आत येऊ द्यायचं नाही आणि पावसाचं पाणी उघाडीच्या दारातून बाहेर सोडायचं, एवढ्यावर पिढ्या जगल्या. नव्वद सालच्या आगेमागे एका पावसाळी उधाणात बांधाला खांड पडली. सारा गाव जोळीने धावला. घरटी एक माणूस, हातोहात चिखलाची ढेकळं, अशी ती जुनी रीत. पण खांड बुजण्याआधी दुसरं उधाण आलं. खाचरं खारावली, मग विहिरी खारावल्या. दोन-तीन वर्षं लोकांनी डोक्यावरून पाणी आणून दिवस काढले आणि मग एकेक घर उठलं. भात होतं तिथे तिवरं वाढली. केरू आणि सरू रामवाडीत भाड्याच्या खोलीत आले. केरू मिळेल ते काम करू लागला आणि सरू गणपतीच्या कारखान्यात शाडू मळायला लागली.

पेणमध्ये माती मळणाऱ्या बायका पुष्कळ, पण सरूच्या हाताचं कारखान्यात नाव होतं. तिने मळलेल्या मातीची मूर्ती वाळताना तडकत नाही, असं मालक गिऱ्हाइकालाही सांगायचा. खडा, काडी, केस, काहीही असो, तिच्या बोटांना ते आधी कळायचं आणि डोळ्यांना मागून. हे शिक्षण मात्र कारखान्यातलं नव्हतं. बांधाच्या जोळीत पुरुष चिखल तुडवायचे आणि बायका त्यातली तिवराची मुळं वेचून फेकायच्या. तिची सासू धोंडुबाई म्हणायची, "बांधाला मूळ ठेवू नये गो. मूळ कुजतं, त्या बिळात चिंबोरी शिरते, आन चिंबोरीच्या मागून खाडी."

सरकारी खात्याने नव्या बांधाचं काम काढलं तेव्हा चिखलाची तपासणी करायला रामवाडीला शेड पडली. शेडचे प्रमुख सॅम्युएल अष्टमकर. रोह्याच्या पुलापलीकडच्या अष्टमीचे, साठी ओलांडलेले, एका मोठ्या कंपनीतून निवृत्त होऊन पुन्हा कामाला आलेले. अष्टमीत ज्यूंची घरं आता राहिली नव्हती म्हटलं तरी चालेल. एक त्यांचं होतं. बाकी सगळे केव्हाच इस्रायलला गेले, त्यांची बहीण दीनाही.

चिखल हाताळायला माणूस हवा म्हणून ते गणपतीच्या कारखान्यांतून फिरले आणि सरूला घेऊन आले. पहिल्या दिवशी तिने त्यांचं आडनाव विचारून घेतलं.

"अष्टमकर म्हंजे अष्टमीचेच?"

"अष्टमीचेच. दोनशे वर्षं तरी."

"बरं हाय तुमचं. तुमच्या नावात गाव हाय न् पायाखालीपन हाय. आमचं दोन्हीकडं नाय."

"माझ्या बहिणीच्या नावात होतं," सॅम्युएल म्हणाले, "लग्नानंतर तेही गेलं. आता तिकडून दर शुक्रवारी फोन करून विचारते, कुंडलिकेला पाणी किती आहे."

"मग काय सांगता?"

"पुलावर जाऊन बघतो आणि सांगतो. खोटं कशाला सांगू? तिला कळतं."

काम समजावून सांगायची त्यांची पद्धत सरूला आवडली. शेवरखारचा चिखल इतका मऊ की त्यावर भराव टाकला तर भरावच बुडायचा. म्हणून एक उंच यंत्र आणलं होतं. त्याची लांब दांडी पातं फिरवत चिखलात खोल जायची आणि वर येताना सिमेंटची लापशी सोडत चिखल घुसळायची. माणसं त्या यंत्राला रवी म्हणत. घुसळलेला चिखल महिनाभरात घट्ट होऊन जमिनीत खांब तयार व्हायचा आणि असे खांब ओळीने उभे केले की त्यांच्यावर बांध घालायचा. लापशीत बेंटोनाइट नावाची, पाणी पिऊन फुगणारी मातीही असायची. तिच्यामुळे सिमेंट तळाला बसत नसे आणि पाणी झिरपायला वाट राहत नसे. सिमेंट किती आणि बेंटोनाइट किती, हे शेडमध्ये ठरायचं. चिखल आणायचा, त्यात वेगवेगळं प्रमाण घालायचं, नळकांड्यात भरायचं, ओलं ठेवायचं आणि मुदत भरली की यंत्राखाली दाबून फोडून बघायचं.

"फुटताना किती जोर लागला, ते आपल्याला हवंय," सॅम्युएल म्हणाले होते.

"म्हंजे नारळासारखं."

"नारळासारखंच. फक्त प्रसाद नाही."

खाडीवरून चिखल शुक्रवारी येई. शनिवारी सॅम्युएलांचा शब्बाथ, ज्यूंचा विसाव्याचा दिवस. त्या दिवशी ते अष्टमी सोडत नसत, हे नेमणुकीच्या वेळीच ठरलेलं होतं. चिखल एकजीव करून ठेवायचं काम शनिवारी सरू एकटी करी. रविवारी सकाळी ते येत, झाकण उघडून चिखलात बोट घालत आणि म्हणत, "लोणी आहे, सरूबाई." मग सिमेंट मिसळायला घेत.

नमुने उत्तम निघाले. पहिला नमुना यंत्राखाली फुटायलाच तयार होईना, तेव्हा सरूने हसू दाबायला तोंडाला पदर लावला होता. कागदावर आकडे गेले, मंजुरी आली आणि दिवाळीनंतर शेवरखारला रवी उभी राहिली. चाचणीचा तुकडा आधी घालायचा, तो उधाणाला टिकला तर सगळा बांध होईल, नाहीतर योजना गुंडाळायची, असं खात्याने ठरवलं होतं. जमीन परत मिळण्याची ती एकच वाट होती, आणि ती पौष पौर्णिमेला दुपारी चिखलात बसली.

खचलेला तुकडा बघायला खात्याची माणसं आली. बूट चिखलात रुतले, फोटो निघाले. शेडमधले नमुने इतके पक्के असताना जागेवर खांब मऊ राहिले, त्या अर्थी घुसळण्यात कसूर झाली, असा सरळ हिशेब निघाला. रवी चालवणाऱ्या विठूने घाई केली, दांडी भराभर वर खेचली, असं बोललं गेलं. विठू कोलाडकडचा, तिशीतला. तो शपथा घालू लागला तेव्हा ठेकेदाराने त्याला घरी बसायला सांगितलं.

सॅम्युएलांनी खचलेल्या जागेतून दोन खांबांचे तुकडे काढून शेडमध्ये आणले. एक तुकडा हातातच भुगा झाला. त्यातून कुजका वास सुटला आणि बोटाएवढी काळी मुळं बाहेर आली. ती त्यांनी चिमटीत धरून सरूसमोर केली.

"सरूबाई, आपल्या नमुन्यात अशी मुळं मी कधी पाहिली नाहीत."

"दिसतील कशी? वेचते ना मी."

"काय वेचता?"

"मुळ्या, कालवाच्या शिंपा, काड्या. सगळं." तिला वाटलं त्यांना खात्री हवी आहे. ती त्यांना शेडच्या मागे, नळापाशी घेऊन गेली. तिथे गुडघाभर उंचीचा ढीग होता. वाळलेली मुळं, शिंपले, कुजकी पानं. शेजारच्या घरच्या कोंबड्या त्यात उकरत होत्या. "हे बघा. सुरवातीपासूनचं हाय. एक काडी ठेवली नाय तुमच्या चिखलात."

सॅम्युएल ढिगाकडे बघत राहिले. मग नळाच्या कट्ट्यावर बसले आणि चष्मा काढला. सरू वाट पाहत होती, पण 'लोणी आहे' असं ते म्हणाले नाहीत.

"तुमचा चिखल उत्तम होता," ते म्हणाले. "पण तो शेवरखारचा नव्हता."

"म्हंजे?"

"रवीला हात नाहीत ना. ती मुळं वेचत नाही. जे आहे ते तसंच घुसळते. आणि कुजकं मूळ सिमेंटला धरू देत नाही. आपण इथे गणपतीच्या मातीची परीक्षा घेतली आणि तिकडे तिवराच्या चिखलावर बांध घातला."

सरूला आधी राग आला. "मग बांधाला मुळं ठेवायची? माझ्या सासूनं ऐकलं असतं तर..."

"तुमची सासू हाताने बांध घालत होती. तिचं बरोबर होतं."

"मग मला सांगायचं ना तुमी, वेचू नको म्हनून!"

"सांगायला हवं होतं. मला सुचलंच नाही की कोणी वेचेल. त्या कामाला मी एक शनिवारही नव्हतो आणि रविवारी खूश होऊन बोट घालत होतो."

एका कोंबडीने ढिगातून चिंबोरीची नांगी ओढून काढली आणि ती घेऊन पळाली. सरूच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. शेवरखारला परत जायचं म्हणून तिने जीव ओतून काम केलं होतं, आणि त्याच कामाने वाट बुडवली होती. तिने थोडी कसूर केली असती, शनिवारी दुपारी हात झटकून घरी गेली असती, तर नमुने वेळीच फुटले असते.

"विठूला बोलवून घ्या," ती म्हणाली.

"ते आधी करतो."

सॅम्युएलांनी त्याच संध्याकाळी खात्याला झालेलं सगळं कळवलं. विठू परत आला आणि येताना कोलाडहून करवंदाच्या लोणच्याची बरणी घेऊन आला. ती त्याने सॅम्युएलांना दिली, सरूला नाही. "हिच्यामुळे मी घरी बसलो, आन हिलाच लोणचं?" असं म्हणून तो हसला आणि मग अर्धी बरणी तिच्या डब्यात ओतून गेला.

खात्याने एक संधी दिली. खचलेला तुकडा काढून त्याच जागी पावसाळ्याआधी पुन्हा घालायचा. त्यानंतर काही नाही.

नव्या नमुन्यांसाठी चिखल आता गुरुवारी येऊ लागला. सॅम्युएल शेजारी स्टूल टाकून बसले. सरूने मळायला घेतलं आणि दुसऱ्याच वळशाला तिचा हात बाहेर आला. चिमटीत मूळ होतं.

"ठेवा परत."

"ठेवते."

थोड्या वेळाने पुन्हा. आता शिंपला.

"सरूबाई!"

"मी नाय काढला, हातानं काढला."

सॅम्युएल उठले आणि कपाटातून जाड रबरी हातमोजे घेऊन आले. कोपरापर्यंतचे, आम्ल हाताळायचे. सरूने ते चढवले आणि चिखलात हात घातला. काही कळेना. खडा कुठला, मूळ कुठलं, चिखल गार की कोमट, काहीच नाही.

"हात आंधळं झालं," ती म्हणाली.

"तेच हवंय."

"तुमाला हवंय. त्यांना कसं वाटत असंल?"

पण ती मळत राहिली. तिला मळताना गाणं म्हणायची सवय होती, ती त्या दिवसांत गेली. पहिले घाणेरडे नमुने, शेडमध्ये त्यांना तेच नाव पडलं होतं, यंत्राखाली भाकरीसारखे मोडले. सॅम्युएलांनी सिमेंट वाढवलं, लापशी बदलली, बेंटोनाइट कमी-जास्त करून पाहिलं. दर वेळी सरू यंत्रापाशी उभी राहायची. पूर्वी नमुना टिकला की तिला आनंद व्हायचा. आता टिकला तर ती आधी तो फोडायला लावून आत मुळं आहेत ना, हे बघायची आणि मगच विश्वास ठेवायची. शेवटी एक मिश्रण पास झालं. जेमतेम.

"जेमतेम म्हंजे किती?" तिने विचारलं.

"उधाण वेळेवर आलं आणि वेळेवर गेलं, तर पुरेल."

"आन वारा असला तर?"

सॅम्युएलांनी घड्याळ बघितलं. शुक्रवार होता, त्यांना रोह्याची गाडी पकडायची होती. पिशवी घेताना ते म्हणाले, "काल दीनाचा एक दिवस आधीच फोन आला. मी तिला तुमच्या ढिगाची गोष्ट सांगितली. खूप हसली. मग म्हणाली, तिकडची एक मुळी पाठव."

"पाठवली?"

"विमानात चालत नाही. माती, बी, मूळ, काही चालत नाही."

सरूने हातमोजे काढून दोरीवर वाळत घातले. "मानूस चालतो ना?"

"माणूस चालतो," सॅम्युएल म्हणाले. "पण तो परत यायचं तिकीट काढत नाही."

फाल्गुनात रवीने पुन्हा खांब घातले. चैत्रात त्यांच्यावर भराव चढला. बांधाच्या माथ्यावर लोखंडी पट्टी बसवून तिच्यावरून तुकडा किती खाली गेला ते रोज बघायचं होतं. ते काम केरूने मागून घेतलं. नवी छत्रीही मागितली, ती मिळाली नाही.

एका रविवारी सरू त्याच्याबरोबर बांधावर गेली. इतक्या वर्षांत ती खाजणाच्या कडेला पुष्कळदा आली होती, पण बांधावर उभी राहून आतल्या अंगाला बघायची ही पहिलीच वेळ. तिवरांमधून त्यांच्या घराचं जोतं दिसत होतं. जोत्यावर चिखलातल्या निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या.

"चूल कुठं व्हती सांग," केरू म्हणाला.

"चूल विचारतोस? तुला तुझी बाज सांगता येते का बघ."

"दाराच्या डाव्या अंगाला."

"उजव्या."

"डाव्या गो. तू आतून बगतीस, मी बाहेरून."

दोघं हसली. केरूने कमरेची पुरचुंडी सोडून दाखवली. राता भाताचं बी. खाऱ्या जमिनीत येणारं हे लाल भात शेवरखारचं खास. गाव उठला तेव्हा केरूने पोतंभर बी कोलाडला बहिणीकडे, मैनेकडे नेऊन ठेवलं होतं. बी ठेवून टिकत नाही, दर वर्षी पेरावं लागतं. म्हणून मैनेच्या शेताच्या एका कोपऱ्यात तो दर पावसात राता लावत आला. तिथलं पाणी गोडं. मैनेचा नवरा थट्टा करायचा, "तुझा राता आता सासरवाडीचा जावई झालाय, कामाला लावून बघ, रुसून बसंल."

"खाऱ्यात येईल का रे आता?" सरूने विचारलं.

"न यायला काय झालं?"

"इतकी वर्षं गोडं प्यालाय."

केरूने पुरचुंडी बांधली. "आपनपन प्यालोय," तो म्हणाला आणि पट्टी बघायला गेला.

परतताना सरूने बांधाच्या उतारावर वाकून चिखलात हात घातला. हातमोजे शेडमध्ये होते. बोटांना लगेच मूळ लागलं, जाड, ओलं, अजून जिवंत. तिने ते अर्धवट ओढलं, थांबली, आणि पुन्हा आत खोचून वरून चिखल थापला.

वैशाख पौर्णिमेचं उधाण दुपारी आलं. सॅम्युएल, विठू आणि सरू उघाडीवर उभी होती, केरू बांधावर. पाणी माथ्याच्या हातभर खाली येऊन थांबलं आणि मग उतरू लागलं. मागच्या खेपेला याच वेळी बांध बसला होता. विठू तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता, त्याला कोणी हटकलं नाही. पाणी उतरलं. पट्टी बोटभर खाली गेली होती.

"बोटभर म्हणजे चांगलं की वाईट?" विठूने विचारलं.

"आज बोटभर गेली," सॅम्युएल म्हणाले. "उद्या किती जाते ते बघायचं."

दुसऱ्या दिवशी पट्टी किंचित खाली गेली. तिसऱ्या दिवशी तिथेच राहिली. खात्याने कळवलं आहे की पावसाळ्यातली उधाणं पाहिल्याशिवाय उरलेल्या बांधाचा निर्णय होणार नाही. तुकड्याच्या खाडीकडच्या अंगाला एक बारीक भेग दिसते. ती चिखल वाळल्याची आहे की खालून आलेली, हे सॅम्युएलांना अजून सांगता आलेलं नाही.

रामवाडीच्या खोलीत, खिडकीच्या फळीवर, केरूने एका परातीत मूठभर राता भिजत घातला आहे. पाणी शेवरखारच्या खाडीचं आहे. सरू कामावर जाताना आणि आल्यावर परातीत बोट फिरवून बघते. काल संध्याकाळपर्यंत दाणे फुगले होते. मोड आलेला नव्हता.